हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी

श्टुटगार्ट, रविवार

प्रिय दादा,

आईला आणि आजीला नमस्कार सांग. बाबांच्या मागे त्यांच्या मालमत्तेतला माझा वाटा सोडून द्यायचा, असा हक्कसोडपत्राचा जो ड्राफ्ट तू व्हॉट्सॅपवर पाठवलास तो वाचला, फोनवर बोलताना आपण दोघंही भलतीकडेच जातो म्हणून बसून लिहितेय. रागावलेले नाहीये हां. आणि मला पैसे नकोत हे तुला माहितीये. पण या कागदावर मी आत्ता सही करणार नाही.

पहिलं म्हणजे यात वारस तीनच धरलेत, आई तू आणि मी. आजी कुठंय? बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, मग त्यांच्या स्वतःच्या कमाईत बायको, मुलं आणि त्यांची आई, सगळ्यांचा सारखा हिस्सा, म्हणजे चार वाटे. "म्हातारीला काय करायचंय" असं काका म्हणाले असतील तर म्हणू देत, कायदा तसं म्हणत नाही. आणि एफडीला तुझं नॉमिनेशन आहे म्हणून ती तुझी असंही नाही रे, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच, शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२३ ला हेच सांगितलंय. तू ढापणार नाहीस हे मला माहितीये, पण कागद नीट असलेला बरा.

आता कारखान्याचं. काका म्हणतात हिशोबाच्या पुस्तकात बाबांच्या नावावर जेवढं भांडवल दिसतंय तेवढं घ्या आणि मोकळे व्हा. असं कसं मोकळं होणार? शिरोलीचा प्लॉट एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या लीजवर आहे आणि पुस्तकात तो जुन्याच भावाने पडलाय, सीएनसी मशीनवर घसारा लावून लावून किंमत शून्याला आलीय, पण मशीन तर रोज दोन शिफ्ट चालतंय! बाबा आणि काका असे दोघंच भागीदार, त्यातला एक गेला की भागीदारी संपली, एकट्या माणसाची फर्म होत नाही, भागीदारीच्या करारात काहीही लिहिलेलं असो. आपण वारस म्हणून आपोआप भागीदार होत नाही, आणि प्लॉटचा तुकडाही मागू शकत नाही, आपला हक्क हिशोब होऊन जे उरेल त्याच्यावर. म्हणून हिशोब महत्त्वाचा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात ३७ कलम आहे ते तुझ्या वकिलांना विचार, हिशोब न मिटवता काका तोच धंदा त्याच मालमत्तेवर चालवत राहिले तर तोपर्यंत बाबांच्या वाट्याचा नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, दोन्हीपैकी एक आपण निवडायचं. म्हणजे काकांनाच घाई असायला हवी, आपल्याला नाही.

कारखान्याच्या बँकेतल्या सीसीला, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जाला, बाबांची गॅरंटी होती, तिचं काय ते बँकेकडून लेखी घे. इकडे जर्मनीत तर कर्जही वारसांच्या डोक्यावर येतं, नको असेल तर साधारण ६ आठवड्यांत कोर्टात जाऊन वारसा नाकारावा लागतो. आपल्याकडे निदान जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे कामगार. ड्राफ्टमध्ये त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पोरं लाल बावट्याच्या युनियनकडे गेली म्हणून काका भडकलेत हे तूच सांगितलंस. अरे, युनियनच्या नोंदणीला सात जण अर्ज करू शकतात, चौदातले नऊ गेले तर त्यात गद्दारी कसली? मालक बदलणार हे कळल्यावर माणूस घाबरणारच ना.

आमच्या कंपनीतही सध्या हेच चाललंय बघ. म्हातारे मालक निवृत्त होतायत, कारखाना मुलाच्या नावावर करतायत, मुलीला धंद्यात रस नाही म्हणून तिला रोख देणारेत. इकडे बापाने मृत्युपत्रात मुलीला काहीच ठेवलं नाही तरी कायद्याने जो वाटा आला असता त्याच्या निम्मी रक्कम तिला मागता येते. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की मुलाला कारखान्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांवर वारसाकर माफ होतो, पण अट अशी की त्याने पाच वर्षं धंदा विकायचा नाही आणि त्या पाच वर्षांतली पगाराची बेरीज सुरुवातीच्या वार्षिक पगाराच्या चौपटीखाली जाऊ द्यायची नाही. माणसं कमी केली की कर भरा. आपल्याकडे वारसाकर १९८५ लाच गेला, त्यामुळे असला चाप कुठून येणार.

आम्हीही यंदा पहिल्यांदाच कामगार समिती निवडली. तिघांनी सभा बोलावली की झालं, आणि माझ्यासारख्या परदेशी पासपोर्टवालीलाही मत आहे. आता कुणाला काढायचं तर आधी समितीला विचारावं लागतं, नाहीतर ती नोटीसच रद्द. सुरुवातीला मालकांचा चेहरा काकांसारखाच झाला होता, खोटं कशाला सांगू.

तर माझं म्हणणं एवढंच की भागीदारी मोडताना आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांचं, हे ४८ कलमात स्पष्ट आहे. कामगारांची ग्रॅच्युइटी, थकलेला बोनस, ही बाहेरचीच देणी झाली. दरवर्षाचे १५ दिवसांचे पगार धरले तर जुन्या लोकांचा आकडा मोठा होतो, वीस-वीस वर्षं झालीत त्यांना. काका तीच माणसं, तीच सर्व्हिस धरून पुढे ठेवणार असतील तर तसं लेखी देऊ देत आणि तेवढी रक्कम कामगारांच्या नावे घालू देत. नाहीतर आत्ता चुकती करा. आपला वाटा कमी झाला तरी चालेल, त्यांच्या पैशातून मला काही नको.

हे झालं की मी हक्कसोड करते, पण आईच्या नावे, तुझ्या नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. तिच्या हातात स्वतःचं काहीतरी असू दे.

मला लगेच येता येणार नाही, म्युनिकच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवते, ते तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप ड्युटी भरायची असते तेवढं विसरू नकोस. मुखत्यारपत्र आईलाच देतेय. आणि सीएंना बाबा गेले त्या तारखेचा ताळेबंद काढायला सांग, मार्चअखेरचा नको. काकांशी तू बोलणारेस का मी फोन करू, ते कळव. काकूंना विचारलंय म्हणून सांग, त्यांच्यावर माझा काही राग नाही.

तुझी,
धाकटी