लाल शाईतली अतिशयोक्ती

रत्नागिरी,
१४ जुलै

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पुस्तकांची पिशवी दादाने काल रात्री आणून दिली. आमसुले आणि फणसपोळी व्यवस्थित पोहोचली. पुस्तकांच्या पानांना फणसाचा वास लागला आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती बाबांच्या चिठ्ठीबद्दल आहे. ‘विनोदी म्हणून पाठवलेल्या तीन कादंबऱ्यांपैकी एकीनेही हसवले नाही, आमच्या दळव्यांची सर कोणालाच नाही,’ एवढा निकाल देऊन बाबा, तुम्ही मोकळे झालात, आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात आईने शिसपेन्सिलीने लिहिले आहे, ‘मला हसू आले, पण ह्यांच्यासमोर हसायची चोरी.’ बाबा मोठ्याने वाचत आहेत आणि आई पडवीत तांदूळ निवडत ऐकते आहे, हे चित्र मला इथून स्पष्ट दिसते. एकाच दिव्याखाली वाचलेल्या पुस्तकाबद्दल घरात असे दोन निकाल लागले, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

जयवंत दळवींचा मान मलाही मान्य आहे. ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ सालची, आणि दळवींचे आरवली म्हणजे आपल्या शिरोड्याच्या अगदी शेजारचे गाव. पण बाबा, ती कादंबरी वाचताना तुम्ही कसे हसता ते मी लहानपणापासून पाहिले आहे. वाक्य संपण्यापूर्वीच तुम्हाला हसू फुटते, आणि मग पुस्तक मांडीवर उपडे ठेवून ‘हा म्हणजे अमक्याचा आजाच’ असे तुम्ही आम्हाला सांगू लागता. त्या हसण्यात दळवींच्या लेखणीइतकाच तुमच्या ओळखीपाळखीचाही वाटा असतो. शिवाय त्या माणसांना जाऊन इतकी वर्षे झाली की आता वाईट वाटून घ्यायलाही त्यांच्यापैकी कोणी उरलेले नाही. मी पाठवलेल्या कादंबऱ्यांत ही सोय नव्हती. त्यांतली माणसे अजून कचेरीत बसतात, संस्था चालवतात आणि आपण त्यांना वाकून नमस्कारही करतो.

श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’चेच पाहा. कादंबरी १९६८ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६९ साली मिळाला, आणि लेखक स्वतः उत्तर प्रदेशात सरकारी अधिकारी होते. तुम्ही हिंदी शिकवलेले असल्यामुळे मी मुद्दाम मूळ हिंदी प्रत पाठवली होती. ती परत आल्यावर काल रात्री पाऊस आणि गेलेली वीज अशा थाटात मी मेणबत्तीजवळ धरून चाळली. समासात लाल शाईने ‘अतिशयोक्ती’ हा शेरा तुम्ही अकरा ठिकाणी मारला आहे. पहिला शेरा अगदी सुरुवातीलाच आहे, जिथे रस्त्यावरचा ट्रक एका बाजूने पाहणाऱ्या पोलिसाला भर रस्त्यात उभा वाटावा आणि दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्या ड्रायव्हरला कडेला, असे लेखक म्हणतो. कादंबरीतले गावपुढारी वैद्यजी, त्यांच्या कॉलेजच्या व्यवस्थापनाबद्दल तीन शेरे आहेत. मुख्याध्यापक म्हणून तेहेतीस वर्षे काढलेल्या माणसाला शिक्षणसंस्थेच्या कारभारात अतिशयोक्ती दिसावी, याचे मला नवल वाटले. पण तेही असो.

खरी गोष्ट लंगड नावाच्या पात्राच्या प्रकरणाशी आहे. लाच द्यायची नाही असा लंगडचा पण आणि नियमाबाहेर काही करायचे नाही असा कारकुनाचाही पण, त्यामुळे तहसिलीतून एक नक्कल मिळवण्यासाठी तो बिचारा कादंबरीभर खेटे घालतो आणि नक्कल त्याला शेवटपर्यंत मिळत नाही. तिथेही तुम्ही ‘अतिशयोक्ती’ लिहिले आहे, पण त्यावर आडवी रेघ मारली आहे, एकदा नव्हे, दोनदा, आणि शाई मागच्या पानावर उतरली आहे. आजोबा गेल्यानंतर सातबाऱ्यावर तुमचे आणि आत्याचे नाव लावण्यासाठी तुम्ही किती हेलपाटे घातलेत ते मला आठवते. ‘फेरफार झाला की कळवू’ हे वाक्य घरात आपण पुढे कितीतरी वर्षे थट्टेने वापरत होतो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या का, असे विचारले की आई म्हणायची, ‘फेरफार झाला की कळवू.’ म्हणून मला वाटते, आईला जे हसू आले ते इथेच आले असणार, आणि तुम्हाला जे आले नाही तेही इथेच. हसू आले नाही हे तुमचे म्हणणे मी खरे मानते. मात्र त्यावरून कादंबरी फसली असे ठरत नाही. ती खेट्यांच्या जागी बरोबर पोहोचली, असेही म्हणता येईल.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सातआठ जण जमतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अरविंद अडिगांच्या ‘द व्हाइट टायगर’वर तिथे कडाक्याचा वाद झाला. तिला २००८चे बुकर मिळाले. बलराम हा ड्रायव्हर आपल्या मालकाचा खून करून उद्योजक होतो आणि सात रात्री चीनच्या पंतप्रधानांना पत्रे लिहून आपली कथा सांगतो, असा तिचा घाट. तुमचा आक्षेप, म्हणजे आपले दारिद्र्य परक्यांपुढे मांडून टाळ्या घेतल्या हा, तिथे एका प्राध्यापिकेने जवळजवळ तुमच्याच शब्दांत मांडला. आणि बलरामची भाषा खेड्यातल्या ड्रायव्हरची वाटत नाही, असेही त्या म्हणाल्या. मलाही ते पटत होते. तेवढ्यात आमच्यातले एक गृहस्थ बोलले. ते काही वर्षे मुंबईत एका शेटजींची गाडी चालवून पुढे एस.टी.त लागले आणि आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, ‘भाषेचं मला कळत नाही. पण मागच्या सीटवर बसलेली माणसं ड्रायव्हरला कान नसल्यासारखी बोलतात, हे ज्यानं लिहिलं त्याला मी खोटा म्हणणार नाही.’ यावर चहा येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. प्राध्यापिकाबाई स्वतःच्या गाडीने आल्या होत्या आणि त्यांचा ड्रायव्हर खाली पावसात थांबला होता, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही.

श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ तुम्ही चाळिसाव्या पानावर सोडलीत, हे बसच्या तिकिटाच्या खुणेवरून कळले. त्याबद्दल मी आग्रह धरणार नाही. २००८च्या साहित्य अकादमी पुरस्काराने ती चांगली ठरते, असा युक्तिवादही करणार नाही. त्यांच्या त्या तुटक, कोरड्या वाक्यांतून मध्यमवर्गीय घरातली पोकळी ऐकू यायला वेळ लागतो. मला स्वतःला दुसऱ्या वाचनात हसू आले, आणि तेही भाजी चिरताना, पुस्तक समोर नसताना.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देते. इंग्लंडमध्ये वुडहाउस या विनोदी लेखकाच्या नावाने विनोदी कादंबरीला एक पुरस्कार २००० सालापासून देतात. २०१८ साली परीक्षकांनी ६२ पुस्तके वाचली आणि सर्वांना एकमताने खळखळून हसवणारे एकही सापडले नाही, म्हणून पुरस्कार कोणालाच दिला नाही. आईला यातली पुढची गोष्ट आवडेल: विजेत्या कादंबरीचे नाव तिथे एका डुकराला देतात. त्या वर्षी ते डुक्कर बिननावाचे राहिले असावे. इतक्या पुस्तकांत परीक्षकांचे एकमत होत नसेल, तर शिरोड्यातल्या एका पडवीत दोघांचे न जमणे मला तरी स्वाभाविक वाटते.

ज्या कादंबऱ्या मलाही सोसत नाहीत त्या वेगळ्याच आहेत. त्यांत लेखक उंच ओट्यावर बसून अंगणातल्या माणसांच्या धोतराला, उच्चाराला आणि ताटातल्या सुक्या बांगड्याला हसतो, आणि स्वतःला कुठे ओरखडाही येऊ देत नाही. शुक्लांनी तसे केले नाही. त्यांचा शिकलेला रंगनाथ सगळे पाहतो, चिडतो आणि शेवटी पळून जाण्याचे बेत करतो, तिथे लेखकाने त्यालाही सोडलेले नाही. शेवटच्या पानांवर बाबा, तुमचा एकही शेरा नाही. मी ती पाने रत्नागिरीत, गाव सोडून आलेल्या मुलीच्या नात्याने वाचली, आणि तिथे माझे हसू थांबले.

पुढच्या शनिवारी दादा येईल तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दोन पुस्तके पाठवते. या वेळी बाबांनी वाचण्याआधी ती आईने ऐकावीत, म्हणजे शेजारच्या काकूंकडून वाचून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. आणि हसायचे तिथे आईने खुशाल हसावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकते. लाल शाईची नवी बाटली पिशवीत ठेवली आहे.

तुमची,
बाय