चि. मुक्ताला, ठाण्याहून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की दोघींचेही आवाज चढतात, म्हणून लिहायला बसले. राजीनामा दिलास, आता घरी बसून पूर्णवेळ शेअर ट्रेडिंग करणार, हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. आणि पैसे कुठून उभे केलेस हे मी विचारणार नाही. तसं ठरवूनच बसले आहे.

तुझं शेअरचं डीमॅट खातं उघडलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, म्हणून ईमेल माझा दिला होता. तो तू कधी बदलला नाहीस. कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे ब्रोकरकडून येणारा दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब, रोज रात्री माझ्याकडे येतात. पासवर्ड तुझा पॅन, आणि तो मला पाठ आहे. उघडायला नको होत्या म्हणशील. पण सगळी नोकरी त्याच कागदांत गेली गं माझी, हात आपोआप जातो.

सोमवारची नोट बघ. दिवसभरात अकरा सौदे, प्रत्येक साधारण लाखाचा. ढोबळ नफा ६४० रुपये. आता खालचा बारीक अक्षरांतला भाग वाच, जो कोणी वाचत नाही. एका सौद्याला घेताना २० आणि विकताना २० रुपये दलाली, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, २५ रुपये, शिवाय एक्स्चेंजचा आकार, स्टॅम्प ड्युटी, दलालीवर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून ८२ रुपयांच्या आसपास. गुणिले अकरा. म्हणजे दिवसभर डोळे फोडून तू २६२ रुपये पदरचे घातलेस. तुला वाटलं असेल आज जमलं.

इंट्राडे, त्याच दिवशी घेऊन विकणं, वाईट असं मी म्हणतच नाही, कोणत्या तोंडाने म्हणू? गोखले रोडवरच्या त्या ऑफिसात लोक दिवसभर घ्यायचे-विकायचे, त्याच्या दलालीतून माझा पगार निघायचा आणि पगारातून तुझी फी. शाळा सुटली की तू माझ्या टेबलाखाली बसून जुन्या नोटांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढायचीस. घरं, आणि प्रत्येक घराला दोन दारं. दोन का, ते कधी सांगितलं नाहीस.

पण गुरुवारची नोट बघून झोप उडाली. सकाळी ११.२० ला २०० शेअर घेतलेस. भाव खाली आला. ११.४५ ला आणखी २००. १.१० ला आणखी ४००. मग दुपारी ३.२० ला ब्रोकरच्या सिस्टीमनेच सगळं विकून कापलं, वर त्या ऑटो स्क्वेअर ऑफचा दंड वेगळा. म्हणजे स्टॉपलॉस, ठरलेल्या भावाला तोटा तोडणारी ऑर्डर, लावलेलाच नव्हता, किंवा लावून काढलास. काढलासच असणार. पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करणं हे वर्षानुवर्षं शेअर सांभाळणाऱ्याने करावं. ज्याला साडेतीनच्या आत बाहेर पडायचंय त्याने नाही. गावदेवीच्या मंडईत संध्याकाळी कोथिंबीर उरली की भाजीवाली आणखी जुड्या आणून बसते का? पडेल भावात काढते आणि घरी जाते.

गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी लिहिते. खात्यात लाख असतील तर एका सौद्यात हजारापेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. ५०० चा शेअर, स्टॉपलॉस ४९५ ला, म्हणजे शेअरमागे ५ रुपये. हजार भागिले पाच, २०० शेअर. बस. ब्रोकर पाचपट मार्जिन देतो, आपल्या पैशांच्या पाचपट सौदा करू देतो, म्हणून हजार शेअर नाही घ्यायचे. सप्टेंबर २०२१ पासून पाचपटीवर मर्यादा आली ते बरंच झालं, आमच्या वेळी वीसपट देणारे बसलेले होते. आणि समोर निदान ५१० दिसत असेल तरच हात घालायचा, नाहीतर पाच गमावून तीन कमावण्यात दलालीसुद्धा सुटत नाही.

पहिली पंधरा मिनिटं नुसतं बघ. ९.१५ ते ९.३० मध्ये जो उच्चांक आणि नीचांक होतो तो लिहून ठेव. भाव उच्चांकाच्या वर, चांगल्या व्हॉल्यूमने गेला आणि व्हीवॅपच्याही, म्हणजे व्हॉल्यूमने तोललेल्या दिवसाच्या सरासरी भावाच्याही, वर असला, तरच खरेदीचा विचार. व्हीवॅपच्या खाली असताना 'आता वळेल' म्हणून घेणं म्हणजे नुसती आशा. निफ्टीतले मोठे शेअर बरे, घेणारे-विकणारे दोन्ही असतात. छोट्या शेअरमध्ये शॉर्ट मारलास, म्हणजे हातात नसताना आधी विकलास, आणि भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला अडकून अप्पर सर्किट लागलं तर विकणारा सापडत नाही; मग माल द्यायला नाही म्हणून ऑक्शन, म्हणजे लिलाव, आणि तिथला भाव आपल्या हातात नसतो. दिवसाला दोन स्टॉपलॉस लागले की लॅपटॉप मिटायचा. तिसरा सौदा रागाचा असतो.

झालं, लेक्चर सुरू झालं. सॉरी. पण निदान हे 'टेलिग्रामवर सर सांगतात' असलं तरी नाही ना.

बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा जुलै २०२४ चा अभ्यास तू वाचलाच असशील. २०२२-२३ मध्ये कॅश बाजारात, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन सोडून नुसत्या शेअरमध्ये, इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांनी पैसे घालवले. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. वर्षाला ५०० च्या वर सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. तुझ्या वेगाने ५०० व्हायला अडीच महिनेही लागणार नाहीत. तू हुशार आहेस, चार्ट तर माझ्याहून कितीतरी चांगला वाचतेस. त्या दिवशी तू स्क्रीनवर रेघा ओढून मला समजावत होतीस तेव्हा, खरं सांगू, फार कौतुक वाटलं होतं. बोलले नाही. पण त्या ८० टक्क्यांतही हुशार लोक असतीलच ना.

जानेवारी २००८ आठवतं मला. २१ तारखेला सेन्सेक्स १४०० च्या वर पडला आणि २२ ला उघडताच लोअर सर्किट लागून तासभर बाजारच बंद. मार्जिनचे फोन करायचं काम माझ्याकडे होतं. "साहेब, चेक घेऊन या, नाहीतर शेअर विकावे लागतील." एक रिटायर्ड मास्तर रोज थर्मासमधून चहा आणायचे, आम्हालाही द्यायचे. ते खाली जिन्यातच उभे राहिले, वर आले नाहीत. मी गेले तर म्हणाले, "बाई, घरच्या नंबरवर फोन करू नका, एवढंच करा." तोटा किती झाला हे त्यांनी विचारलंच नाही. पैसे बायकोचे होते. अण्णाकाकांच्या वेळीही रक्कम फार मोठी नव्हती, तुला माहीत आहे. पैसे कुणाचे होते तेच नडलं.

आपल्या पैशाला स्टॉपलॉस लावता येतो. दुसऱ्याचे असले की हात थरथरतो, तोटा बुक करवत नाही, माणूस ॲव्हरेज करत बसतो. गुरुवारच्या नोटेत मला तेच दिसलं. कदाचित चुकीचं दिसलं असेल. पण तीन महिन्यांच्या पगारात पाच-साडेपाच लाखांचं भांडवल बसत नाही गं, खारघरचं भाडं जाऊन तर नाहीच.

विचारणार नव्हते, पण विचारते. आजीची एफडी मोडलीस का? की ॲपवरून पर्सनल लोन काढलंस? एफडी असेल तर मी ओरडणार नाही, ती तुझ्याच नावाची आहे. लोन असेल तर व्याजदर आणि हप्ता कळव, माझ्या पीपीएफमधून बघता येईल. मेसेज केलास तरी चालेल, फोन नको.

तुझी,
आई

ता. क. इंट्राडेचा तोटा पगारातून वजा होत नाही, तो सट्ट्याच्या धंद्यात धरतात. फक्त तसल्याच नफ्यातून वळता होतो आणि चार वर्षं पुढे ओढता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं तरच. तेव्हा सगळ्या नोटा जपून ठेव. माझ्याकडच्या मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आहे.