नंदाला, कार्डिफहून

प्रिय नंदा,

तुझं पत्र वाचून राग आला. तुझा नाही, त्या प्रकाशकाचा. ‘मराठीत मुलांची कादंबरी कोण घेतं, इंग्रजीत लिहा, मग बघू’ म्हणे! आणि तू त्याच्यासमोर गप्प बसलीस. वर मला विचारतेस, तुमच्या वेल्समध्ये वेल्श लिहिणाऱ्यांचं कसं काय चालतं? सगळ्यांचं सांगत बसले तर रात्र जाईल. एकीचं सांगते. मॅनन स्टेफन रॉस.

बाई १९८३ सालची, स्नोडोनियाच्या डोंगरातल्या रिउलास गावची. वडील स्टीव्ह ईव्ह्ज गाणी लिहिणारे, गाणारे. बहीण गायिका. म्हणजे घरात वेल्श नुसती बोलत नव्हते, गातही होते. मॅनन आधी नटी होती, मग नाटकं लिहायला लागली, मग मुलांच्या कादंबऱ्या. पुढे तवुइन नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावात बरीच वर्षं राहिली.

आता आकडा ऐक. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारी माणसं निघाली ५,३८,३००. तुझ्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ सालीच १६ लाखांवर माणसं होती! म्हणजे जिल्ह्याच्या एक तृतीयांश लोकांसाठी लिहायचं, त्यात मुलं किती, त्यात वाचणारी किती, तू शाळेत शिकवतेस, तुला हा हिशेब मी काय सांगू. त्यातली बहुतेक मुलं इंग्रजी पुस्तकंही तेवढ्याच सहज वाचतात, त्यामुळे इंग्रजीतलं यच्चयावत बालसाहित्य हिच्या समोर स्पर्धेला उभं. आणि तरी ही बाई वर्षानुवर्षं वेल्शमध्येच लिहीत राहिली. मुलांच्या वेल्श पुस्तकांसाठी १९७६ पासून तीर ना नोग नावाचा पुरस्कार आहे, तो तिला एकाहून जास्त वेळा मिळालाय. फुटबॉलवेड्या पोराची गोष्ट लिहिली, मोठ्यांसाठी कादंबऱ्या लिहिल्या, ‘गोलुग’ साप्ताहिकात आठवड्याला एक चिमुकली कथा लिहिली. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत माझी लाडकी ‘ब्लासी’, २०१२ सालची. एका म्हाताऱ्या बाईचं आयुष्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आणि त्यांच्या पाककृतींतून उलगडत जातं. तुझ्या आईला फार आवडली असती. काकू पातोळ्यांची कृती सांगता सांगता अख्ख्या वाडीची भांडणं सांगायच्या, आठवतं ना?

पण तुला सांगायचंय ते ‘ल्लिवर ग्लास नेबो’बद्दल. म्हणजे नेबोचं निळं पुस्तक. नेबो हे उत्तरेकडचं खरंखुरं खेडं. इथल्या मध्ययुगीन हस्तलिखितांना काळं पुस्तक, लाल पुस्तक अशी नावं आहेत, त्या चालीवर हे निळं. अणुदुर्घटना होते, वीज जाते, माणसं जातात, आणि नेबोतल्या एका घरात आई रोवेना आणि तिचा मुलगा श्योन एवढी उरतात; धाकटी मुलगी नंतर जन्मते. श्योन तेव्हा सहा वर्षांचा, गोष्ट सांगताना चौदाचा. मायलेक एकाच वहीत आळीपाळीने लिहितात, आणि एकमेकांचं वाचायचं नाही असं ठरवतात. रोवेना आधी केस कापायच्या दुकानात काम करणारी, पुस्तकांशी फारसा संबंध नसलेली. सगळं संपल्यावर ती वेल्श पुस्तकांकडे वळते. प्रसंगी भीषण आहे, पण खरी गोष्ट भाज्या लावणं, सापळे लावणं आणि आईने मुलापासून काय लपवलंय याची आहे.

तुला हे वाचताना आपल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या जागेचा, माडबनचा सडा दिसेल. इथे अँगलसी बेटावर विल्वाचा अणुप्रकल्प १९७१ साली सुरू झाला, २०१५ च्या अखेरीस बंद पडला. त्याच्या शेजारी नवा उभारायची हिताचीची योजना होती. ‘पोरांना इथेच नोकऱ्या मिळतील’ म्हणणारे आणि ‘नको रे बाबा’ म्हणणारे, दोन्ही बाजू एकेका घरात. २०१९ च्या जानेवारीत कंपनीने काम थांबवलं. पुस्तक त्याच्या आदल्या वर्षीचं, म्हणजे वाद पुरता तापलेला असताना. जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटवरून तुमच्याकडे जेवणाच्या पानावर झालेली भांडणं तू मला किती वेळा लिहिलीस! मुलांच्या कादंबरीत हा विषय येऊ शकतो, आणि मॅनन तिथे भाषण न देता फक्त चूल कशी पेटवायची ते सांगते, हे मला फार मोठं वाटतं.

या पुस्तकाला २०१८ च्या राष्ट्रीय आइस्टेदवॉदमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या वार्षिक उत्सवात, गद्यपदक मिळालं. त्या वर्षी तो उत्सव आमच्या कार्डिफलाच होता. पदकासाठी हस्तलिखित टोपणनावाने पाठवायचं. समारंभात टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि गर्दीत कुठेतरी बसलेला लेखक उभा राहतो. तोपर्यंत प्रेक्षकांना पत्ता नसतो. नामवंतांची ओळखपाळख इथे कामाला येत नाही, म्हणून मला ही रीत आवडते. आपल्या संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या राजकारणाबद्दल आता काही लिहीत नाही, कागद पुरणार नाही. पुढच्या वर्षी ‘वेल्स बुक ऑफ द इयर’ही त्याच पुस्तकाला.

मग तिने ते स्वतःच इंग्रजीत आणलं. कार्डिफच्या फायरफ्लाय प्रेसने काढलं, आणि २०२३ साली त्याला कार्नेगी पदक मिळालं. १९३६ पासूनचा ब्रिटनचा हा मुलांच्या पुस्तकांचा मानाचा पुरस्कार एखाद्या भाषांतरित पुस्तकाला पहिल्यांदाच मिळाला. नीट बघ, नंदा, क्रम काय आहे ते. पुस्तक आधी वेल्शमध्ये पूर्ण झालं, वाचलं गेलं, गाजलं. इंग्रजी मागून आली. आणि तिने ओळीला ओळ लावली नाही. मुलाचं नावसुद्धा इंग्रजीत डिलन झालं. स्वतःचं पुस्तक असल्यामुळे तिला ती मोकळीक होती, परक्याच्या पुस्तकाशी असं वागता येत नाही. माझं मत विचारशील तर इंग्रजी पुस्तक चांगलंच आहे, पण आई वेल्श पुस्तकांकडे वळते तो धागा मूळ भाषेत जास्त बोचतो. वेल्श वाचता वाचता माझी अजून दमछाक होते, तरी एवढं कळलं. माझा मुलगा मदतीला असतो. इथे सोळा वर्षांपर्यंत प्रत्येक शाळेत वेल्श शिकावीच लागते.

आता तू म्हणशील, ती हुशार, मी कुठे. हुशारीचा भाग सोड. तिच्यामागे काय उभं आहे ते बघ. १९६१ पासून पुस्तक परिषद आहे. सरकारी पैसा तिच्यामार्फत प्रकाशकांकडे जातो, म्हणून लहान आवृत्तीचं पुस्तकही निघतं. मुलांसाठी १९२२ पासून चाललेली उर्द नावाची चळवळ आहे, तिची शिबिरं, मासिकं, स्पर्धा आहेत. हे सगळं पाच-साडेपाच लाखांसाठी! आपण आठ कोटींवर, आणि तुला मात्र सांगतात, इंग्रजीत लिहा. खोट संख्येत नाहीये. तेव्हा त्या प्रकाशकाचं बोलणं तुझ्या लिखाणावर घेऊ नकोस.

इंग्रजी प्रत आज टपालात टाकलीय. थेट मुलांच्या हाती देऊ नकोस, आधी आईचे भाग वाच. काही मजकूर आठवी-नववीच्या खाली झेपायचा नाही. आणि तुझी ती खाडीवरची गोष्ट, तरीवाल्याच्या मुलीची, अर्धी टाकलेली, ती आहे तशी मला पाठव. टाइप करत बसू नकोस, वहीचे फोटो चालतील. तिसऱ्या प्रकरणात बाप मुंबईहून येतो तिथे तू घाई केलीयेस असं मला मागच्या वेळीच वाटलं होतं, त्यावर भांडायचंय.

दादांना नमस्कार. पोरांना पापा.

तुझी,
उमा