ध्रुवणाची बातमी उड्डाणापुरतीच?

महोदय,

कृष्णविवराभोवती कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. त्याला करोना म्हणतात (साथीशी संबंध नाही). त्याचा आकार थेट दिसत नाही, तो क्ष-किरणांच्या ध्रुवणावरून (म्हणजे त्यांच्या लहरी एका ठरावीक दिशेत किती कंप पावतात यावरून) ताडावा लागतो. मरीन ड्राइव्हवर पोलराइज्ड गॉगल तिरका केला की पाण्यावरची चमक कमीजास्त होते, तसाच काहीसा हा प्रकार. २०२१ मध्ये सोडलेल्या ‘आयएक्सपीई’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीला एनजीसी ४१५१ या दीर्घिकेत ध्रुवणाची दिशा रेडिओ झोताला (केंद्रातील कृष्णविवराजवळून निघणाऱ्या, रेडिओ लहरींत दिसणाऱ्या द्रव्याच्या झोताला) समांतर आढळली. म्हणजे तेथील करोना झोताच्या अक्षावर उभा नसून कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीलगत आडवा पसरलेला असावा. क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठीच ‘इस्रो’ने १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ उपग्रह सोडला, पण माझ्या वाचनात उड्डाणाचे छायाचित्र तेवढे आले. कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) असताना तेथील शास्त्रज्ञांकडून या निरीक्षणांवर मराठीत लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, दादर, मुंबई