मिठीचा हंगाम ३० सप्टेंबरला संपत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

थंडीत पाऊस पडला की त्याच्या बातम्या द्राक्षबागा, कांदा आणि आंब्याचा मोहोर यांच्याभोवती फिरतात, आणि शेतकऱ्याचा हातातोंडाशी आलेला घास जात असताना ते रास्तही आहे. मात्र तोच पाऊस मुंबईच्या नद्या, नाले आणि खाड्यांवर पडतो तेव्हा काय होते, याची दखल ‘मुंबईकरांची तारांबळ’ या ठरावीक मथळ्यापलीकडे घेतली जात नाही. मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या चारही नद्यांची देखभाल जून ते सप्टेंबर हे चार महिने डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते. हिवाळ्यात एखादा मोठा पाऊस झाला तर ही आखणी पुरी पडणार नाही, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

असा पाऊस आपण पाहिलेला आहे. ५ डिसेंबर २०१७ रोजी ओखी चक्रीवादळाच्या प्रभावामुळे मुंबईत पाऊस झाला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या अनुयायांची सोय चिखल झालेल्या शिवाजी पार्कऐवजी महापालिकेच्या शाळांत करावी लागली. पौर्णिमा होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते, म्हणजे समुद्रालाही उधाण होते. १ डिसेंबर २०२१ रोजी तर मुंबईवर कोणतेही चक्रीवादळ नव्हते. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेकडचा पश्चिमी झंझावात यांची गाठ पडली आणि ऐन डिसेंबरात शहराने दिवसभर छत्र्या उघडल्या. त्या वेळी अमावास्या तीन दिवसांवर होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच्या तुलनेत हे दोन्ही पाऊस किरकोळच. पण पाऊस बेताचा होता म्हणून आपण निभावलो, नद्या सज्ज होत्या म्हणून नव्हे.

त्या सज्ज का नसतात, हे गाळाच्या वेळापत्रकातच दिसते. वर्षभराच्या गाळउपशाचा मोठा हिस्सा ३१ मेपूर्वी उरकण्याचे उद्दिष्ट असते; थोडा पावसाळ्यात आणि थोडा पावसाळ्यानंतर काढायचा, असे कागदोपत्री ठरलेले असते. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतरच्या त्या वाट्याकडे कुणी फारसे पाहत नाही, कारण तोवर वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे नालेसफाईवरून केव्हाच हटलेले असतात. दरम्यान चार महिन्यांचा पाऊस डोंगरउतारांवरची माती, बांधकामांचा राडारोडा आणि प्लास्टिक नदीत आणून टाकतो. विहार आणि पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणाऱ्या मिठीच्या खालच्या टप्प्यात उतार जवळपास नाहीच, शिवाय भरतीचे पाणी उलटे आत शिरते. त्यामुळे प्रवाह मंदावतो आणि आलेला गाळ तिथेच बसतो. पुढच्या कामाची पोकलेन यंत्रे पात्रात उतरतात ती नवे वर्ष उजाडल्यावर, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात नदीची पाणी वाहून नेण्याची क्षमता सर्वांत कमी असते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी ऑक्टोबरात दोन्ही तलावही भरलेलेच असतात, त्यामुळे वरच्या पाणलोटातला पाऊस थोपवायला तिथेही जागा नसते.

दिवाळीनंतर ओहोटीच्या वेळी कुर्ल्याच्या एखाद्या पुलावरून खाली पाहावे. पात्राच्या मधोमध गाळाचा उंचवटा तयार झालेला असतो, त्यावर गवत उगवलेले असते आणि काळ्या पाण्याची धार एका कडेने वाट काढत असते. संरक्षक भिंतीतून नदीत उघडणाऱ्या पर्जन्यजल वाहिन्यांची तोंडे अर्धीअधिक बुजलेली दिसतात. नदीत पाणी कमी असूनही ज्या वाहिनीला आपले पाणी बाहेर टाकता येत नाही, तिच्याकडून पावसाच्या दिवशी काय अपेक्षा करणार? (गाळ काढला किती आणि काढल्याचे दाखवले किती, हा प्रश्न वेगळाच. मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला आहे. त्याचा तपास व्हायचा तो होवो.)

हिवाळी पावसाचा दुसरा फटका खाडीला बसतो, आणि तो पुरापेक्षाही कमी चर्चिला जातो. पावसाळा सरला की मिठीत वाहते ते मुख्यतः सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी. जुलैमध्ये पावसाचे पाणीच इतके असते की ही घाण पातळ होऊन निघून जाते. डिसेंबरातला एक दिवसाचा पाऊस मात्र दोन महिन्यांची साचलेली घाण ढवळून एका दमात माहीमच्या खाडीत लोटतो, आणि ती धुऊन काढायला मागून पाणी येत नाही. मासेमारीचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीऐवजी पिशव्या येतात, आणि वेसावे, गोराई भागात बांबूंवर सुकत घातलेले बोंबील भिजून वाया जातात. ओखीनंतर मुंबईच्या चौपाट्यांवरून सुमारे ८० टन कचरा उचलावा लागला होता. तो समुद्राचा नव्हता. आपणच नाल्यांतून समुद्राकडे धाडलेला होता.

ज्या देशांत नद्यांना पूर मुळी हिवाळ्यातच येतो, त्यांचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. २०१३-१४ चा हिवाळा इंग्लंडमध्ये विक्रमी पावसाचा ठरला. सॉमरसेट परगण्यातल्या पॅरेट आणि टोन या नद्यांनी सखल कुरणांवर पाणी पसरवले आणि मचेल्नी हे गाव कित्येक आठवडे बेट होऊन बसले. गावकऱ्यांची ये-जा होडीने चालली होती. नद्यांतला गाळ वर्षानुवर्षे काढला नाही म्हणूनच हे झाले, असा शेतकऱ्यांचा आरोप होता. त्यानंतर दोन्ही नद्यांच्या मिळून आठ किलोमीटर पात्रातला गाळ काढण्यात आला. मात्र तेव्हाच अनेक जाणकारांनी बजावले होते की गाळ काढल्याने साचलेले पाणी लवकर उतरेल, पण एवढ्या पावसाचा पूर निव्वळ त्यामुळे टळणार नाही. गाळउपसा हाच सर्व रोगांवरचा उतारा मानणाऱ्या आपल्या शहराने हे ऐकून घ्यायला हवे.

त्याच हिवाळ्यात लंडनच्या पूर्वेला थेम्स नदीवरची पूरद्वारे तब्बल ५० वेळा बंद करावी लागली. वादळात समुद्राचे पाणी शहरात घुसू नये म्हणून ती बांधलेली आहेत. परंतु त्या वर्षी बहुतेक वेळा ती बंद केली गेली ती वरून येणाऱ्या पुराच्या पाण्याला जागा मिळावी म्हणून. ओहोटी असताना द्वारे लावून घ्यायची, भरती बाहेरच रोखायची आणि नदीचे पाणी आतल्या मोकळ्या पात्रात उतरू द्यायचे, अशी ही रीत आहे. मुंबईला अगदी लागू पडावी अशी ही गोष्ट आहे, कारण आपली खरी अडचण पाऊस आणि भरती एकाच वेळी येण्याची आहे. मिठीच्या प्रकल्पात पूरद्वारे आणि उदंचन केंद्रे (पाणी पंपाने उपसून बाहेर टाकणारी केंद्रे) प्रस्तावित आहेत. ती उभी राहतील तेव्हा त्यांवरचे मनुष्यबळ आणि पंपांची देखभाल बारमाही असेल की केवळ चार महिन्यांपुरती, हे आताच ठरवायला हवे. उधाणाची भरती काही पावसाळा पाहून येत नाही.

नेदरलँड्सने याहून मोठे पाऊल उचलले. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऱ्हाईन आणि म्यूझ या नद्यांच्या पुरामुळे तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीलाच जागा परत द्यायचे ठरले. नाइमेखेन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला गेला आणि त्यासाठी घरेही हलवली गेली. मिठीकाठी असे काही सुचवणे हास्यास्पद ठरेल, हे मी जाणतो. जिथे विमानतळाची धावपट्टी नदीवरून जाते आणि जिथे खाडीच्या भरावावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे, तिथे ३५० मीटर सोडा, ३५ मीटर मागणेही अवघड आहे. पण माहीमच्या खाडीतली उरलीसुरली तिवरे आणि काठावरचे मोकळे तुकडे तरी भिंतींनी आवळू नयेत, इतकी मागणी करायला हरकत नसावी.

बाकी मागण्या साध्या आहेत आणि त्यांना हजारो कोटींचा खर्च नाही. गाळउपशाच्या कंत्राटातला पावसाळ्यानंतरचा वाटा वाढवून ते काम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू करावे आणि नदीत उघडणाऱ्या वाहिन्यांची तोंडे डिसेंबरपूर्वी मोकळी करावीत. काढलेला गाळ सुकवण्यासाठी काठावरच ढीग करून ठेवण्याची पद्धत बंद व्हावी, कारण पहिल्याच अवकाळी सरीबरोबर तो पुन्हा पात्रात जातो आणि त्याच गाळाचे पैसे शहराला दुसऱ्यांदा मोजावे लागतात. पात्राची खोली मे महिन्यात मोजली जाते, तशीच ती १ नोव्हेंबरलाही मोजावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी, ठिकाणानुसार प्रसिद्ध करावेत. क्रांतीनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांना पावसाळ्यात दिला जाणारा धोक्याचा इशारा हवामान विभागाने अवकाळी पावसाचा अंदाज दिल्यावरही मिळाला पाहिजे, आणि त्यासाठीची यंत्रणा सप्टेंबरअखेर गुंडाळली जाऊ नये.

आपला,
एक वाचक
कुर्ला (पश्चिम), मुंबई