हान मारी!

सुवॉन, दक्षिण कोरिया
१४ नोव्हेंबर

प्रिय संज्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज चारदा ऐकला. त्यात तू बोललास अर्धा मिनिट, बाकी सगळ्या कोंबड्याच बोलल्या. शेवटी घाईघाईत विचारलंस, "तिकडं कोंबडी कशी खातात रे?" आणि फीडची गाडी आली म्हणून बंद केलास. याचं उत्तर फोनवर देऊन भागणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी फजिती ऐक. इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आणि ऑफिसातला नागपूरचा एक पोरगा, असे दोघे जेवायला बाहेर पडलो. सुवॉनच्या जुन्या गावाला दगडी तट आहे, १७९६ साली बांधून पुरा झालेला. त्याच्या दक्षिणेकडच्या वेशीजवळ ओढ्याच्या कडेनं एक गल्लीच आहे तळलेल्या कोंबडीची. दारादारात मोठाल्या बिडाच्या कढया, त्यात तेल उकळतंय, काचेला वाफ धरलेली. आत शिरलो. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "तू मारी?" मी म्हटलं, हो हो, दोघंच आहोत, आणि दोन बोटं दाखवली. वीस मिनिटांनी आमच्यापुढं दोन अख्ख्या कोंबड्या! 'मारी' हा जनावरं मोजायचा शब्द निघाला. 'हान मारी' म्हणजे एक, 'तू मारी' म्हणजे दोन. तेव्हापासून नागपूरकर गल्लीत शिरतानाच ओरडतो, "हाण, मारी!" दुकानातल्या लोकांना वाटतं, बिचाऱ्याला कोरियन यायला लागलं.

इथं पीस मागवायची पद्धत नाही. कोंबडी अख्खी घ्यायची, तुकडे करून तळलेली, आणि दोघा-तिघांत खायची. एकट्यानं खायचं ते दुकान नव्हेच. आणि गंमत बघ, 'चिकिन' म्हटलं की इथं फक्त तळलेलं. जिवंत कोंबडी ती 'डाक', आणि हे लोक असं काही दाबून म्हणतात की मला ऐकू येतं 'ताक'. म्हणजे इथल्या हिशेबानं तू ताकाचा धंदा करतोस. आबांना सांग, माळकरी माणसाला तेवढाच दिलासा. शेडकडं बघायचं तरी सुरू करतील.

बसल्या बसल्या आधी पुढ्यात येतो पांढऱ्या मुळ्याचा वाडगा. बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, व्हिनेगर-साखरेत मुरवलेले. मुळ्याला इथं 'मु' म्हणतात, हा शब्द मला शिकावा लागला नाही. आपल्याकडं कांदा-लिंबू करतं ते काम इथं हा मुळा करतो. तेलकट तोंड एका तुकड्यात धुऊन निघतं. फुकट असतो, संपला की परत आणून देतात. हाडं टाकायला टेबलावर वेगळा डबा असतो, आणि ज्याला बोटं बरबटायची नाहीत त्याला प्लॅस्टिकचे हातमोजे. मी घालत नाही. हातमोजे घालून कोंबडी खाणं म्हणजे छत्री घेऊन नदीत उतरणं.

आता मुद्द्याचं. दोनदा तळतात. पहिल्यांदा जरा मंद तेलात, मग बाहेर काढून निथळत ठेवतात, मग पुन्हा कडक तेलात. पहिल्या तळणीत कातडीखालचं पाणी सुटतं, दुसरीत ते उडून जातं. पीठ अगदी पातळ, त्यात बरंचसं बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च. म्हणून कवच जाड भज्यासारखं होत नाही, पापडासारखं कटकन मोडतं. मी एक तांगडी मुद्दाम बाजूला ठेवून बघितली. अर्ध्या तासानं गार झाली होती, पण मऊ पडली नव्हती. दाताखाली आवाज तोच.

सॉसवाली पण मिळते. लाल मिरचीची आंबवलेली पेस्ट, लसूण, केचप, मक्याचा पाक, वर शेंगदाण्याचा भरड कूट. कूट बघून मला गहिवरून आलं, पण चव गोड रे! लालभडक रंग बघून तू पाण्याचा तांब्या जवळ घेशील आणि तोंडात लागेल जिलबीची सख्खी बहीण. लोक वेडे आहेत तिच्यासाठी. ज्यांचं ठरत नाही ते 'पानपान' मागतात, म्हणजे अर्धी साधी, अर्धी सॉसची. मी साधीच घेतो, बाजूला मीठ-मिरपूड.

सोबत बिअर ठरलेली. चिकिनमधला 'चि' आणि बिअरला म्हणतात 'मेक्जू', त्यातला 'मेक', म्हणून 'चिमेक'. २००२ चा फुटबॉल वर्ल्ड कप इथं झाला तेव्हा सगळा देश मॅच बघत हेच खात-पीत होता, तेव्हापासून जोडी पक्की झाली असं ऑफिसात सगळे सांगतात. आमचे टीमचे साहेब बरोबर असले की त्यांच्या ग्लासात ओतायचं ते दोन हातांनी, आणि आपला घोट घेताना तोंड दुसरीकडं फिरवायचं. मला शिकवायची गरज पडली नाही. थोरल्यांपुढं लपूनछपून प्यायची सवय आपल्याला विट्याच्या यात्रेपासून आहे.

पण खरं सांगायचंय ते दुकानाच्या मालकाबद्दल. माझं आता एकच दुकान ठरलंय, सहा टेबलांचं. मालक साठीचा, हाताला कोपरापर्यंत तेलाचे डाग. परवा गिऱ्हाईक नव्हतं, तर स्वतः येऊन बसला. टीममधला कोरियन पोरगा मध्ये होता, तो समजावून सांगत होता. हा माणूस आधी कारखान्यात सुपरवायझर. १९९७ च्या अखेरीला इथं पैशाचं मोठं संकट आलं, आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं, कंपन्यांनी माणसं काढली. हातात थोडी पुंजी आलेल्या अनेकांनी चिकनचंच दुकान टाकलं, कारण भांडवल कमी आणि शिकायला सोपं. यानंही टाकलं, एका मोठ्या ब्रँडचं. मग सांगत होता, कोंबडी त्यांच्याकडून घ्यायची, पीठ त्यांचं, सॉस त्यांचा, तेलही त्यांचंच, त्यांच्या भावानं. भाडं माझं, गॅस माझा, रात्री दोनपर्यंतची जाग माझी.

संज्या, मला हसूच आलं. त्याला वाटलं माझं काही चुकलं. मी त्याला तुझं सांगितलं. कंपनी पिल्लं देते, फीड देते, औषध देते. शेड तुझं, तूस तुझं, लाइट बिल तुझं, थंडीत शेगड्या पेटवून रात्र काढायची तीही तू, आणि शेवटी पैसे किलोवर. वर मरतूक जास्त झाली की कापणार. पोऱ्या भाषांतर करीत होता आणि म्हातारा मान हलवत होता. पुरं व्हायच्या आत उठला, आत गेला आणि एक बशी घेऊन आला. कोंबडीचा तळलेला पेटा, वर मीठ. 'सोबिस' म्हणाला, म्हणजे आमच्याकडून, पैसे नाहीत. त्यानं सात वर्षांनी ब्रँड सोडला आणि स्वतःची पाटी लावली. आता कमाई कमी आहे, पण मुळा तो स्वतःच्या हातानं मुरवतो.

तुझ्या कामाचं एक. इथं पक्षी लहान. साफ केलेला 'दहा नंबर' चालतो, म्हणजे किलोच्या आसपास. महिनाभरातच काढतात. तू चाळीस दिवस राखून दोन-सव्वादोन किलोचा करतोस म्हटल्यावर म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. एवढा मोठा तुकडा आतून शिजेपर्यंत बाहेरून करपेल, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही रश्शात टाकतो.

अख्खी कोंबडी वीस हजार वॉनच्या आसपास पडते, आपले बाराशे रुपये धर. हा भाव ऐकून तू मला शिव्या घालणार, कारण कंपनी पक्षी उचलते त्या लिफ्टिंगला तुला काय मिळतं ते मला माहीत आहे. त्याला मी तो आकडा सांगितला नाही. लाज वाटली.

म्हाताऱ्यानं दोन गोष्टी मागितल्यात. एक तर तुझ्या शेडचा फोटो, आत पक्षी असताना काढलेला, रिकामा नको. दुसरं, चाळीस दिवसांत एका पक्ष्याला फीड किती लागतं ते. या बॅचचं लिफ्टिंग झालं की नीट हिशेब करून कळव, अंदाजे ठोकू नकोस, तो कागदावर लिहून घेणार आहे.

काकींना आणि वहिनींना नमस्कार. आबांना ताकाचं मात्र नक्की सांग.

तुझा,
मन्या