‘बाजारू माल’ म्हणून हातावेगळं करू नका

संपादक महोदय,

मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) जपानी ब्राँझच्या प्राणीशिल्पांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘गोऱ्या साहेबांच्या दिवाणखान्यासाठी केलेला बाजारू माल’ असं म्हणून लेखक मोकळे झाले. तीस वर्षं ओतकामात गेली माझी, त्यामुळे शब्द जरा लागलाच.

१८७६ साली जपानात कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि परज (मूठ आणि पात्याच्या मधली चकती) आणि मुठीवरची नक्षी करणाऱ्यांचं काम गेलं. बुद्धमंदिरांची ओतकामं त्याआधीच आटली होती. त्याच सुमारास हे कारागीर व्हिएन्ना, फिलाडेल्फिया, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांसाठी राबू लागले. पोट होतंच की त्यांनाही!

यातलं पुष्कळसं काम ठोकळेबाज आहे, हे मान्य. वाघांनी घेरलेला हत्ती तर शेकड्यांनी निघाला, आणि त्या देशात रानात ना हत्ती ना वाघ. माझ्या मामांकडे चोरबाजारातून आणलेला असाच एक आहे. एक सुळा गळालाय. तिथे नुसतं भोक दिसतं, कारण सुळे हस्तिदंताचे, वेगळे करून बसवलेले. पण त्याच्या कानामागच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवा, साच्याचा सांधा कुठे लागत नाही. आधी मेणात घडवून मग ओतलाय, नंतर छिन्नीने बारीक साफ केलाय. घाईचं काम असं नसतं.

आणि लेखात मेइजी काळातले धातुशिल्पकार सुझुकी चोकिची यांच्या बारा ससाण्यांचा उल्लेखही नसावा? पॅरिसमधले व्यापारी हायाशी तादामासा यांनी ते १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी करवून घेतले. बारा पक्षी, बारा ढंगांचे. एक मान वळवून बघतोय, एकाने पंख पसरलेत. पिसांच्या छटा रंगवलेल्या नाहीत, धातूच्याच आहेत. तांब्यात किंचित सोनं मिसळून, रसायनात उकळून काळीनिळी झाक आणायची विद्या मुळात परज करणाऱ्यांची. परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेल्या याच ससाण्यांना जपान सरकारने २०१९ मध्ये ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ ठरवलं.

पुन्हा या विषयावर काही छापलंत, तर ससाण्याच्या पंजाचा मोठा फोटो द्या, नखं दिसतील असा. आमच्या फाउंड्रीतल्या पोरांना दाखवायचाय.

– एक ओतारी, कोल्हापूर